ओरेम, रॉय, हेंडरसन… वॉर्डात ही थिअरी खरंच कोण वापरतं का?

कोयनाकाठची_पोर :
नमस्कार सगळ्यांना. मी बीएस्सी नर्सिंगला आहे, दुसरं सेमिस्टर, मूळची पाटणकडची आणि शिकायला मिरजेत. प्रश्न बावळट वाटेल पण विचारतेच, वर्गात विचारला तर मागच्या बेंचवरचे हसतात.

फाउंडेशनच्या विषयात सध्या नर्सिंगची थिअरी चालू आहे. नाइटिंगेल, ओरेम, रॉय, हेंडरसन, या थिअरी मांडणाऱ्या सगळ्यांची नावं सालं डायग्राम पाठ झालेत, पेपरात आलं तर धडाधड लिहीन. पण आता मेडिसिन वॉर्डला पोस्टिंग लागलंय आणि मॅडमनी सांगितलं की एक पेशंट घ्या आणि त्याचा केअर प्लॅन, म्हणजे काळजीचा आराखडा, ओरेमवर बसवून आणा. माझा पेशंट म्हणजे जत भागातले एक आजोबा, ६५च्या पुढचे, शेतकरी, पॅरालिसिसचा झटका येऊन डावी बाजू गेलीय. आज दहावा दिवस, बोलतात नीट, समजतं सगळं. आजी सोबत असतात आणि सगळं त्याच करतात, भरवणं, तोंड पुसणं, पाणी पाजणं, शर्टाचं बटण लावणं पण त्याच. मी गेले की म्हणतात "तू बस गं बाळा, मी हाय की". मग मी बीपी घेते, टीपीआरचा म्हणजे ताप नाडी श्वासाचा चार्ट भरते आणि उभी राहते.

वॉर्डातल्या एका सिस्टरना विचारलं की ओरेम कुठं वापरता, तर म्हणाल्या ओरेम कोण, नवीन डॉक्टर आलाय का. चेष्टेत म्हणाल्या की खरंच ते अजून कळलं नाही मला.

तर ही थिअरी फक्त मार्कांपुरती असते का? आणि या आजोबांना ओरेम लावायचा म्हणजे नक्की काय करायचं? सोमवारी सबमिशन आहे.

रात्रपाळी_सांगली :
खरं सांगू का, पास होण्यापुरतं पाठ कर आणि सोड. मला ११ वर्षं झाली या लाईनीत, आधी जनरल वॉर्ड आता आयसीयू. जनरलला रात्री आम्ही दोघंजण आणि पेशंट चाळीसच्या वर, त्यात एकाचं सलाईन संपलंय, एकाची सुई निघालीय, दारात नवीन ॲडमिशन आणि एक नातेवाईक भांडायला उभा. तिथं रॉयबाईंचे चार मोड काढून बसू का मी? ज्यांनी लिहिलं त्यांच्याकडं एका नर्सला किती पेशंट असतात ते बघा एकदा. आपल्याकडं चादर मिळाली तरी नशीब समजायचं.

केअर प्लॅन म्हणशील तर सिनियरची जर्नल घे, पेशंटचं नाव वय बदल. सगळे तेच करतात.

सिस्टर_सातारा :
रात्रपाळी दादा, चादरीचं एकदम पटलं, बाकीचं नाही पटलं.

पोरी, मी जीएनएम, म्हणजे नर्सिंगचा डिप्लोमा, करून लागले, मग नोकरी करत पोस्ट बेसिक, म्हणजे डिग्री केली. १८ वर्षं झाली. थिअरी मी पण दोनदा पाठ केली आणि दोन्ही वेळा विसरले, कारण शिकवताना एक गोष्ट कोण सांगतच नाही, की यातली प्रत्येक बाई एकेका प्रश्नाला धरून बसली होती आणि तिची थिअरी म्हणजे त्या प्रश्नाचं उत्तर आहे. आपण उत्तर पाठ करतो, प्रश्न काय होता ते माहीतच नसतं.

ओरेमचा प्रश्न होता, माणसाला नर्स नेमकी कधी लागते? डॉक्टर आजार झाल्यावर लागतो हे सगळ्यांना कळतं, पण नर्स? तिचं उत्तर असं की रोज माणूस स्वतःचं स्वतः जे करतो, खाणं पिणं अंघोळ संडास झोप, धोक्यापासून जपणं, चार माणसांत बसणं, आणि आजारी असेल तर गोळ्या घेणं पथ्य पाळणं, याला जेवढी ताकद आणि समज लागते तेवढी त्याच्याकडं नसेल तर ती जी तूट पडते ना, तिथं नर्स लागते. तूट म्हणजेच डेफिसिट. पुस्तक १९७१ चं. आणि तुझ्या केअर प्लॅनमधे "सेल्फ केअर डेफिसिट, फीडिंग" असं लिहायला शिकवलंय की नाही? तो शब्द कुठनं आला वाटतं तुला? तुमच्या वॉर्डातल्या सिस्टर रोज लिहीत असतील आणि ओरेम कोण म्हणून विचारतात.

आता आजोबा. तूट किती आहे ते मोजलंस का? डावी बाजू गेलीय म्हणजे उजवा हात चांगला आहे. माणूस उजव्या हातानं जेवणारा आहे ना? मग त्यांना दहा दिवस भरवतंय का कोण? ओरेमचे तीन प्रकार तुला पाठ असतील. होली कॉम्पेन्सेटरी, म्हणजे पेशंट काहीच करू शकत नाही आणि सगळं नर्सनं करायचं, बेशुद्ध माणूस. पार्टली, म्हणजे थोडं त्यानं थोडं आपण. आणि सपोर्टिव्ह एज्युकेटिव्ह, म्हणजे करणार तोच, आपण फक्त शिकवायचं, सोबत राहायचं. आजोबा पार्टलीमधे बसतात आणि त्यांना वागवलं जातंय होलीसारखं. तुझा केअर प्लॅन इथंच आहे बघ, दुसरीकडं शोधू नको.

आजींवर रागवायचं काय कारण नाही. आपल्याकडं नातेवाईक कॉटखाली चटई टाकून राहतात, निम्मं नर्सिंग तेच करतात, हे त्या अमेरिकन वॉर्डात नसेल. पण ओरेमनं त्याचीही सोय ठेवलीय, डिपेंडंट केअर म्हणून, म्हणजे घरचं माणूस दुसऱ्यासाठी करतं ते. मग तुझं काम काय, तर आजोबांना भरवणं नव्हे, आजींना शिकवणं की कुठं हात लावायचा आणि कुठं मागं घ्यायचा. हे भरवण्यापेक्षा अवघड आहे हां. मला विचारशील तर आजीच तुझा दुसरा पेशंट.

एक मात्र नक्की, काही द्यायच्या आधी गिळता येतंय का नीट ते इन्चार्ज सिस्टरना किंवा डॉक्टरांना विचारून खात्री कर. पाठीला टेकू देऊन नीट बसवायचं, झोपून भरवायचं नाही, ठसका लागतो आणि ते पाणी छातीत जातं. डाव्या गालात घास साठून राहतो, जेवण झालं की तोंड उघडून बघायचं. ताट समोर थोडं उजवीकडं ठेव, कधी कधी अशा पेशंटना डावीकडचं दिसतं पण लक्षातच येत नाही, अर्धी भाकरी तशीच राहते आणि घरचे म्हणतात भूक मेली.

रात्रपाळी_सांगली :
सिस्टर मानलं तुम्हाला, पण वेळेचं काय? एका माणसाला जेवायला शिकवायचं म्हणजे पाऊण तास जातो. भरवलं तर दहा मिनिटात होतं.

सिस्टर_सातारा :
बरोबर. स्टाफला तो वेळ नाही म्हणूनच म्हणते, स्टुडंटला आहे. तिला दिवसभर एकच पेशंट असतो की. आणि घरी गेल्यावर तो पाऊण तास आजींचा जाणार आहे, दिवसातनं तीन वेळा, पुढची कितीतरी वर्षं.

मॅडम_कराडच्या :
मी शिकवते, त्यामुळं जरा लांबण लागेल, सांभाळून घ्या.

सिस्टरनी प्रश्न आणि उत्तर म्हणून सांगितलं ते मी उद्यापासून वर्गात वापरणार. त्याच धाग्यानं बाकीच्यांचं बघ. हेंडरसन विचारते, हा माणूस धडधाकट असता तर स्वतःचं काय काय केलं असतं? म्हणून तिच्या १४ गरजा, श्वास घेण्यापासून सुरू होतात आणि शिकण्यापर्यंत जातात, मधे देवाधर्माचं आहे, काम करून समाधान मिळणं आहे, विरंगुळा पण आहे. मला तिचं सगळ्यात आवडतं ते वेगळंच, ती म्हणते माणूस स्वतःचं करत नाही त्याची कारणं तीनच, ताकद नाही, इच्छा नाही किंवा माहिती नाही. तुझ्या आजोबांना यातलं काय कमी आहे? हात चालतोय म्हणजे ताकद आहे. माहिती कोणी दिलेली दिसत नाही. आणि इच्छा? विचारलंस का कधी? पण व्हायवात, म्हणजे तोंडी परीक्षेत, ओरेममधे हेंडरसन मिसळू नकोस, बाहेरचे परीक्षक असतात, काही जणांना ते चालत नाही.

रॉयचा प्रश्न तिसराच. ती लहान मुलांच्या वॉर्डात काम करायची, तिथं तिला दिसलं की पोरं कितीही मोठ्या बदलातून पटकन सावरतात, मग माणूस जुळवून कसा घेतो हाच तिचा विषय झाला. तिच्या चार मोडमधे, म्हणजे जुळवून घेण्याच्या चार बाजूंमधे, एक आहे रोल फंक्शन, म्हणजे घरात समाजात माणसाची जी जागा असते ती. जतकडचा शेतकरी, घरचा कर्ता, बैलं पाणी उधारी उसनवारी सगळं ज्याच्या शब्दावर, त्याला आता बायको घास भरवतेय आणि समोर परकी पोरगी चार्ट घेऊन उभी. ओरेमनं तुला हात दिसतो, रॉयनं तुला तो माणूस मान खाली घालून का जेवतो ते दिसेल. पेशंट तोच.

सगळ्यांकडं चार संकल्पना असतात, व्यक्ती, पर्यावरण, आरोग्य, नर्सिंग, याला मेटापॅराडाइम म्हणतात. पेपरात उभं आडवं टेबल काढ, एका बाजूला चार संकल्पना, दुसऱ्या बाजूला थिअरिस्ट, पाठांतर निम्म्यावर येतं. आणि नर्सिंग प्रोसेस वेगळी आणि थिअरी वेगळी, हा गोंधळ तिसऱ्या वर्षापर्यंत असतो पोरांचा. असेसमेंट, डायग्नोसिस, प्लॅनिंग, इम्प्लिमेंटेशन, इव्हॅल्युएशन ही पद्धत झाली, कामाचा क्रम. असेसमेंटला गेल्यावर काय बघायचं ते थिअरी सांगते. नाहीतर बीपी बघून परत यायचं, जसं तू येतेस.

आता माझी स्वतःची फजिती सांगते. पेपलाऊ म्हणून एक बाई, नर्स आणि पेशंटच्या नात्याची थिअरी मांडणारी, तिचे टप्पे पाठ केले होते, ओरिएंटेशन, आयडेंटिफिकेशन, एक्सप्लॉइटेशन, रिझोल्यूशन. व्हायवाला विचारलं एक्सप्लॉइटेशन म्हणजे काय, आमचं बारावीपर्यंत मराठी मिडियम, मी डोक्यात भाषांतर केलं आणि ठणकावून सांगितलं की या टप्प्यात नर्स पेशंटचं शोषण करते. परीक्षक पाणी पीत होत्या, ठसका लागला त्यांना. खरा अर्थ उलटा आहे, पेशंट आता नर्सवर विश्वास ठेवून मिळणाऱ्या मदतीचा पुरेपूर उपयोग करून घेतो.

रात्रपाळी_सांगली :
हाहाहा मॅडम, शोषण तर नर्सचंच चालू आहे, टप्पा कुठला ते सांगा.

एएनएम_माणदेश :
मी साधी एएनएम, म्हणजे गावची नर्स, उपकेंद्राला, माण तालुक्यात. तुमच्याएवढं शिकलेली नाही पण मला एक लेनिंजर नावाची बाई ट्रेनिंगमधे कळली आणि तेवढी एकच लक्षात राहिली, कारण ती रोज उपयोगी पडते. ती म्हणते समोरच्याच्या रीतीभाती बघून तीनातलं एक करायचं, आहे ते तसंच राहू द्यायचं, किंवा थोडं जुळवून घ्यायचं, किंवा समजावून बदलायचं.

आता बाळंतिणीच्या घरी गेलं की डिंकाचे लाडू हळीवाची खीर चालू असते, राहू दे, उलट चांगलंच आहे, माझं काय जातंय. सिझरला न्यायचं म्हणलं की मंगळसूत्र काढायला सासू तयार नसते, तिथं भांडत बसायचं नाही, काळा दोरा मनगटाला चालेल का ते थिएटरच्या सिस्टरना आधी विचारून घ्यायचं आणि मंगळसूत्र सासूच्याच ओटीत द्यायचं, झालं काम. पण बाळाच्या नाळेला हळद नायतर राख लावतात, पहिला चीक वाईट म्हणून पिळून टाकतात आणि बाळाला मध चाटवतात, तिथं मी गप्प बसत नाही. तिथं बदलायचंच. पण सुनेला सांगून उपयोग नसतो, तिच्या सासूला सांगावं लागतं, तेही चहा घेतल्यावर.

आधी मी सगळ्यालाच नको म्हणायचे. डिंकाचा लाडू पण नको, धुरी नको, काजळ नको. मग बायका माझ्यापासनं लपवायला लागल्या आणि चीक टाकला ते मला चौथ्या दिवशी कळायचं. आता लाडवाला हो म्हणते त्यामुळं मधाला नको म्हणलेलं ऐकतात. धुरीला मात्र अजून नकोच म्हणते, कोंडलेल्या खोलीत बाळाच्या नाकातोंडात धूर जातो.

सिस्टर_सातारा :
साधी एएनएम म्हणू नका हो. एवढं नीट लेनिंजर मला पोस्ट बेसिकला पण कोणी सांगितलं नव्हतं.

धुरीवरनं आठवलं. नाइटिंगेलचं अख्खं पुस्तक त्यावरच आहे, हवा उजेड स्वच्छता शांतता आणि खाणं. १८५९ साली लिहिलंय, आणि नर्सांसाठी नव्हे, घरात आजारी माणसाचं करणाऱ्या साध्या बायकांसाठी. गंमत म्हणजे तेव्हा तिचा जंतूंवर विश्वास नव्हता, घाण हवेनं रोग होतो असंच मानायची, कारण चुकीचं होतं पण खिडकी उघडली गटार साफ झालं की पेशंट वाचायचे ते खरंच. आळंदीहून पालखी नीरा ओलांडून लोणंदला येते तेव्हा आमची ड्युटी लागते तिथं, औषधाच्या पेट्या असतात पण खरं काम तिचंच असतं, टँकरचं पाणी कसंय, संडास कुठंय, पायाचे फोड धुवायला स्वच्छ जागा आहे का. तिथं कोण थिअरी म्हणत नाही त्याला.

त्या पुस्तकात अख्खं एक प्रकरण पोकळ धीर देणाऱ्यांवर आहे, भेटायला येऊन "काय होत नाही हो, आमच्या मेव्हण्याला पण असंच झालतं, चार दिवसात उठून बसला" म्हणणारे. दीडशेच्या वर वर्षं झाली, आमच्या व्हिजिटिंग अवरला रोज हजर असतात.

द्राक्षवाला_तासगाव :
मी नर्सिंगमधला नाही, धागा दिसला म्हणून वाचत बसलो. माझ्या वडिलांना तीन वर्षांपूर्वी असाच झटका आला. दवाखान्यात आईनं सगळं केलं, घरी आल्यावर पण केलं, आम्हाला वाटायचं हीच सेवा. आठ महिन्यांनी आईचं गुडघ्याचं ऑपरेशन निघालं तेव्हा कळलं की वडिलांना स्वतः पाणी पण घेता येत नाही, चांगला हात असून. सवयच गेली होती. आम्हाला त्या वेळी कुणी एवढं सांगितलं असतं तर बरं झालं असतं. डिस्चार्जच्या दिवशी गोळ्यांचा कागद दिला आणि पुढच्या तारखेला या म्हणाले, बस. पोरी तुझ्या त्या आजींना सांग नक्की.

रात्रपाळी_सांगली :
हे वाचून गप्प झालो जरा.

मी थिअरीवाला नाही पण मॅडम, एक विचारू का. आयसीयूत मला कधी कधी मॉनिटर बघायच्या आधी कळतं की हा पेशंट बिघडणार. आकडे सगळे ठीक असतात, डॉक्टर म्हणतात काय झालं सांग, मला सांगता येत नाही, फक्त चेहरा वेगळा वाटतो, किंवा हातरुणावर बोटं चाळवत असतो. पहिल्या दोन वर्षात असं कधी कळायचं नाही, तेव्हा मी चार्ट भरायचो नुसता. याला पण काय नाव आहे का तुमच्यात?

मॅडम_कराडच्या :
आहे की. पॅट्रिशिया बेनर, नोव्हिस टू एक्स्पर्ट, १९८४. नर्स पाच पायऱ्यांनी शिकते असं ती म्हणते, नवखी असते तेव्हा नियमानं चालते, आणि शेवटच्या पायरीवर अख्खी परिस्थिती एकदम दिसते, नियम आठवावा लागत नाही, म्हणून कधी कधी शब्दात सांगता पण येत नाही. तिनं हे काम करणाऱ्या नर्सांना त्यांचे अनुभव विचारूनच मांडलं. म्हणजे तुमच्यासारख्यांकडूनच घेतलंय दादा, आणि तुम्ही म्हणता सोडून दे.

फक्त डॉक्टरांना "चेहरा वेगळा वाटतोय" एवढंच न सांगता श्वास मोजून, लघवी किती झाली बघून, मागच्या दोन तासात काय बदललं ते सोबत सांगत जा. ऐकतात मग.

आणि जाता जाता, नर्सिंग कॉलेजात लॅम्प लायटिंगच्या कार्यक्रमाला शपथ घेता ना सगळे, ती नाइटिंगेलनं लिहिलेली नाही. १८९३ ला डेट्रॉइटमधे लिस्ट्रा ग्रेटर आणि त्यांच्या कमिटीनं लिहिली आणि तिचं नाव दिलं. दर १२ मेला, नर्स दिनाच्या भाषणात कोणीतरी चुकतं. नायगावच्या, म्हणजे आपल्याच सातारा जिल्ह्यातल्या सावित्रीबाई १८९७ च्या प्लेगात रुग्णांची सेवा करता करता गेल्या, त्यांचं नाव त्या भाषणात कधीतरी यावं असं मला आपलं वाटतं.

कोयनाकाठची_पोर :
सगळ्यांना खूप खूप थँक्यू, मी दोनदा वाचलं सगळं आणि वहीत उतरवलं.

काल काय झालं सांगते. आधी इन्चार्ज सिस्टरना विचारलं, त्यांनी स्वतः येऊन चमच्यानं थोडं पाणी देऊन बघितलं, डॉक्टरांना पण विचारलं, ठीक आहे म्हणाले. मग मी आजोबांना टेकू देऊन बसवलं आणि विचारलं की स्वतः जेवून बघता का. ते काहीच बोलले नाहीत. आजीच म्हणाल्या "नगं गं, सांडंल". मी द्राक्षवाले दादांची गोष्ट सांगितली त्यांना, नाव न घेता. त्या गप्प बसल्या, मग स्वतःच चमचा त्यांच्या हातात दिला आणि तोंड फिरवून खिडकीकडं बघत बसल्या. सात घास खाल्ले आजोबांनी. अर्धी आमटी चादरीवर. मावशी ओरडल्या मला, चादर मीच बदलली (रात्रपाळी दादा, मिळाली चादर, पण दोन वॉर्ड फिरून).

संध्याकाळी राऊंडला डॉक्टर आले तर आजोबा म्हणतात, "जेवलो मी आज". नुसतं तेवढंच.

आता अडलंय एका ठिकाणी. केअर प्लॅनमधे आजींना शिकवलं ते कुठं लिहू, इम्प्लिमेंटेशनच्या कॉलममधे की वेगळं हेल्थ एज्युकेशनमधे? आणि इव्हॅल्युएशनमधे सात घास असं लिहिलं तर चालेल का, की मॅडम कापतील?

सिस्टर_सातारा :
इम्प्लिमेंटेशनमधेच लिही. आणि सात घास असंच लिही. "पेशंटची स्थिती सुधारली" असं लिहिलंस तर मी येऊन कापेन.

रात्रपाळी_सांगली :
आमटी सांडायची असेल तर खाली प्लॅस्टिक अंथर आधी. एवढी थिअरी माझ्याकडनं घे.